टाकी न लागलेला दगड

आमच्या टूलरूमच्या भिंतीवर कोणीतरी ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही". ३२ वर्षं मी त्या वाक्याखाली उभं राहून ग्राइंडिंग केलं. आधी सरफेस ग्राइंडर, मग सिलिंड्रिकल, शेवटची दहा-अकरा वर्षं प्रोफाइल. टाकी कधी हातात धरली नाही, पण म्हण पटलेली होती. गेल्या नोव्हेंबरात तैपेईला एका काचेच्या कपाटासमोर उभा राहिलो आणि लक्षात आलं, की असाही एक दगड आहे ज्याला टाकी चालतच नाही.

चिरंजीव तैवानमध्ये शिन्चूला चिपच्या कारखान्यात आहेत. आम्ही दोघं महिनाभर तिकडे होतो. एका शनिवारी सगळे नॅशनल पॅलेस म्युझियमला गेलो. तिथे दोन वस्तूंसमोर तोबा गर्दी असते. एक म्हणजे जेड नावाच्या हिरवट-पांढऱ्या दगडाचा कोबी, जेमतेम वीतभर, त्यावर दोन किडे. दुसरा म्हणजे डुकराच्या मांसाच्या तुकड्यासारखा हुबेहूब दिसणारा दगड. आमची ही दुसरा बघून तोंड फिरवून बाहेर गेली ती कॅफेतच जाऊन बसली. कोबीच्या रांगेत उभं राहायचा मला कंटाळा आला, म्हणून मी बाजूच्या दालनात शिरलो. तिथे चिटपाखरू नव्हतं.

कपाटात एक उंच पेला होता. हिरवट पांढरा, ताकात कोथिंबिरीची सावली पडावी तसा. खाली पाय, मध्ये फुगीर गाठ, वर तुतारीसारखं पसरलेलं तोंड. चीनमध्ये तीन हजार वर्षांपूर्वी शांग राजांच्या काळात मद्याचे ब्राँझचे पेले या घाटाचे असत. या घाटाचं चिनी नाव मराठीत लिहिण्यासारखं नाही. मी ते मोठ्याने वाचलं आणि सूनबाई दोन दिवस हसत होत्या. आपण तुतारी-पेला म्हणू.

मी त्याकडे बघत राहिलो, कारण त्याच्या अंगावर चार बाजूंना उभे कंगोरे होते. दात पाडलेले, पात्यासारखे बाहेर आलेले. आणि माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो पार्टिंग लाइन.

ज्यांनी फाउंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साचा दोन किंवा जास्त तुकड्यांचा असतो. ते जोडून आत धातू ओतला, की सांध्याच्या फटीत थोडा धातू शिरतो आणि कास्टिंगवर एक पातळ पापुद्रा उभा राहतो. आम्ही त्याला फ्लॅश म्हणतो. तो छिन्नीने उडवायचा, मग ग्राइंडरवर साफ करायचा. नवीन आलेल्या पोराला पहिले सहा महिने हेच काम. शांग काळातले चिनी ओतारी मातीच्या तुकड्या-तुकड्यांच्या साच्यात ब्राँझ ओतायचे. त्यांनाही सांध्यांचा त्रास होताच. पण त्यांनी भारी डोकं चालवलं. सांधा लपत नाही ना, मग त्याच जागी जाड कंगोरा द्यायचा आणि त्यालाच नक्षी म्हणायचं. त्या भांड्यांवरचे बहुतेक कंगोरे असे साच्याच्या सांध्यावर बसलेले असतात. दोन कंगोऱ्यांच्या मध्ये वटारलेल्या डोळ्यांचा राक्षसी चेहरा. त्याला थाओथिए म्हणतात. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं ना, मला तर त्याचाच चुलतभाऊ वाटला. नातं आहे असं म्हणत नाही, चेहरेपट्टीबद्दल बोलतोय.

आता माझ्यासमोरचा पेला जेडचा. त्याला साचा नाही, सांधा नाही, फ्लॅश नाही. अठराव्या शतकात कोणीतरी एक अख्खा दगड घेतला आणि ब्राँझमध्ये सांधा झाकायला आलेला तो कंगोरा इथे शिल्लक राहावा म्हणून त्याच्या आजूबाजूचा सगळा दगड घासून काढला. आम्ही जे उडवायचो ते ठेवण्यासाठी बाकी सगळं उडवलं. मी अर्धा तास तिथून हललो नाही. सुरक्षारक्षक बाई दोनदा येऊन गेली.

घासून म्हणालो ते मुद्दाम. पाटीवर इंग्रजीत कोरलेला असं लिहिलं होतं, पण जेड कोरत नाहीत. पूर्वीच्या चिनी भांड्यांचं जेड म्हणजे नेफ्राइट. त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत नमद्यासारखे गुंतलेले असतात, म्हणून ते फुटता फुटत नाही. टाकी लावली तर हवा तिथे कपचा निघणार नाही, आणि निघालाच तर नको तिथून निघेल. कठिणता मोहस् मापावर ६ ते ६.५. साधं लोखंड त्याच्यापुढे मऊ. मग करायचं काय? लोखंडाची चकती फिरवायची आणि तिच्या कडेला ओली रेती लावत राहायचं. कापते ती रेती, चकती फक्त तिला फिरवते. गारगोटीची रेती ७, गार्नेटची त्याहून थोडी वर, आणि काळी रेती म्हणजे कुरुंद, तो ९. आम्ही आयुष्यभर ज्या व्हीलवर पोट भरलं त्यातही ॲल्युमिनियम ऑक्साइडच असायचं, म्हणजे भट्टीत बनवलेला कुरुंद. चिनी भाषेतही या कामाला न्यान-यू असा शब्द आहे. न्यान म्हणजे दळणं, घासणं. ते लोक स्वतः घासणं म्हणत होते, कोरणं नंतरच्यांनी चिकटवलं.

त्यांचं मशीन म्हणजे पायाने चालवायचं लाकडी बाक. नावच पाण्याचं बाक. आडव्या दांड्याला चामड्याचा पट्टा गुंडाळलेला, त्याची दोन टोकं दोन पायपट्ट्यांना. डावा पाय दाबला की दांडा एका दिशेने फिरणार, उजवा दाबला की उलट. म्हणजे चकती सतत एका दिशेने पळत नाही, पुढे-मागे होते. एका हातात जॉब, दुसऱ्या हाताने रेती. फिक्श्चर नाही, चुंबकी टेबल नाही, डायल नाही. मायक्रॉन गेला खड्ड्यात, पण ते कंगोरे एका सुतात होते. मी डोळा लावून पाहिलं. सवय जात नाही.

भांडं पोकळ करायचं तर नळीसारखं ड्रिल. लोखंडी नळी, खाली रेती. ती गोल खाच पाडत खोल जाते, मध्ये खांब उरतो, तो मोडून काढायचा. मग वाकड्या टोकाच्या हत्यारांनी आतून पोट रुंद करायचं. तुतारी-पेल्याला त्यातल्या त्यात बरं, पण गळा अरुंद आणि पोट मोठं असा चंबू केला असेल तर आत काय चाललंय ते दिसत नाही, नुसतं हाताला कळतं. आमचे चाचा, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते म्हणायचे, "काढलेला माल परत लावता येत नाही, म्हणून मोजून काढ." मी एकदा एका डाय इन्सर्टवर, म्हणजे साच्यात बसणाऱ्या तुकड्यावर, दोन शतांश मिलिमीटर जास्त खाल्लं होतं. चाचा ओरडले नाहीत, नुसता तो तुकडा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि तो तिथे महिनाभर राहिला. जेडच्या कामात असा तुकडा म्हणजे पार पश्चिमेच्या खोतानहून आलेला दगड आणि समोर बादशहा.

बादशहाचं नाव छ्येनलुंग. १७३६ ते १७९५, साठ वर्षं राज्य केलं. आजोबांपेक्षा जास्त काळ गादीवर बसायचं नाही म्हणून स्वतःहून उतरला. जेडचं त्याला वेड. चाळीस हजारांवर कविता त्याच्या नावावर आहेत, त्यातल्या कितीतरी जेडवर, आणि बऱ्याच तर भांड्यांवरच घासून लिहवलेल्या. कविता कशा आहेत ते मला कळत नाही. पण हजारो वर्षांपूर्वीच्या जेडच्या चौकोनी नळ्या मिळाल्या, की त्या पालखीच्या दांडीची टोकं असावीत अशी समजूत करून त्यांवरही आपली कविता टाकायची, हे मला काही पटलं नाही. जुन्या जॉबवर आपलं पंचिंग मारू नये.

सुरुवातीला दगड मिळायची मारामार होती. चांगलं नेफ्राइट तकलामकान वाळवंटाच्या दक्षिणेला खोतानच्या दोन नद्यांतून यायचं, युरुंगकाश आणि काराकाश, पांढऱ्या आणि काळ्या जेडच्या नद्या. १७५९ मध्ये छ्येनलुंगच्या फौजांनी तो मुलूख जिंकला आणि मग वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, जेड खंडणी म्हणून पेकिंगला येऊ लागलं. खाजगी व्यापारावर कडक बंदी. तिकडच्याच यार्कंदला नेमलेल्या काओ पू नावाच्या अधिकाऱ्याने चोरून जेड विकलं. तो बादशहाच्या एका राणीचा भाचा होता, तरी १७७८ मध्ये त्याचं डोकं उडवलं. आमच्याकडे कार्बाइडचे तुटके बिट मोजून परत घ्यायचे आणि स्टोअरवाला ते कुलपात ठेवायचा, त्याला आम्ही हसायचो. आता नाही हसणार.

दगड मुबलक झाला तसा बाजारही माजला. सूचौ शहरातले कारागीर नंबर एकचे, पण गिऱ्हाइकाला जे आवडेल ते करायचे. जाळी, वेलबुट्टी, फुलं, पक्षी, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे भोक. छ्येनलुंग वैतागला. याला त्याने 'जेडवरचं संकट' असं नाव दिलं. एवढा चांगला दगड भोकं पाडून वाया घालवता, त्यापेक्षा जुन्या भांड्यांकडे बघा, असा त्याचा धोशा. जुनी भांडी म्हणजे ब्राँझची. त्यांची चित्रं काढलेले ग्रंथ सुंग काळापासून होते, सगळ्यात जुना १०९२ चा. छ्येनलुंगने १७४९ मध्ये स्वतःच्या संग्रहाचा नवा ग्रंथ करायला घेतला, ४० खंडांचा, दीड हजारावर वस्तू. या ग्रंथांतल्या चित्रांवरून दगडाची भांडी करायची.

म्हणजे ड्रॉइंगवरून जॉब. आणि पद्धतसुद्धा आमच्यासारखीच. आधी कागदावर चित्र, मग मेणाचा किंवा लाकडाचा नमुना. तो बादशहाला दाखवायचा, तो म्हणणार कान जरा लहान करा, पाय जाड करा. मंजुरी आली की मगच दगडाला हात. फर्स्ट पीस अप्रूव्हल. फरक एवढाच, की आमचा क्वालिटीवाला कविता करत नसे.

नीट पाहिलं तर या पेल्यांत ड्रॉइंगवरून केल्याच्या खुणाही सापडतात, असं मला वाटतं. ब्राँझवरचा तो राक्षस अंगावर येतो. जेडवर त्याचे डोळे सपाट झालेत, भुवया गोंडस. रेघेवरून रेघ काढली की असंच होतं. आम्हीही झेरॉक्सची झेरॉक्स वाचून काम केलंय, त्यात त्रिज्येचा आकडा पुसट होतो आणि मग आपण आपल्या मनाची त्रिज्या देतो. पण म्हणून हे पेले कमी आहेत असं नाही. ब्राँझचा पेला जरब बसवतो. हा आपल्याला हात लावायला बोलावतो, आणि मध्ये काच असते.

मला सगळ्यात आवडली ती बुडाखालची गोष्ट. त्या पेल्याखाली आरसा ठेवला होता. त्यात अक्षरं दिसत होती. चिरंजीवांनी फोन धरून भाषांतर काढलं, "महान छिंग, छ्येनलुंग, जुन्याची नक्कल". छिंग म्हणजे त्या बादशहाचं घराणं. मी म्हटलं, "परत वाच." तेच आलं. म्हणजे खुद्द बादशहाच्या कारखान्यातून निघालेली वस्तू स्वतःच्या बुडाखाली सांगते, की मी नक्कल आहे आणि अमुक काळात केलीय. सगळ्याच भांड्यांवर असं नसतं, काहींवर नुसतं बादशहाचं नाव असतं. पण हे मला फार मोठं वाटलं.

कारण उलटा धंदाही तेव्हा जोरात होता. नवं जेड भाजून, रंगवून, जमिनीखालून निघालंय असं भासवून विकायचे. यावर एक खरी घडलेली हकीकत आहे. चिरंजीवांनी ती परतीच्या बसमध्ये वाचून दाखवली. छ्येनलुंगकडे एक जेडचा प्याला होता, दोन पोरं दोन बाजूंनी कान धरून आहेत असा, तपकिरी झाक आलेला. बादशहाला तो हान काळातला, म्हणजे दीड-दोन हजार वर्षं जुना वाटला. त्याने दरबारातल्या याओ त्सुंगरन नावाच्या जेड कारागिराला बोलावून विचारलं. याओने पाहिलं आणि सांगितलं, की हा माझ्या आजोबांनी केलाय.

मग त्याने घरातली रीतही सांगून टाकली. दगडात जिथे मुळात दोष आहे अशी जागा निवडायची, हिऱ्याच्या टोकाने बारीक बारीक खळगे पाडायचे, वरून अंबर नावाची राळ चोपडायची आणि मंद विस्तवावर ठेवायचं. विस्तव भडकू द्यायचा नाही, विझूही द्यायचा नाही. असं वर्षभर. मग तो रंग आत मुरतो.

बादशहाच्या तोंडावर "साहेब, तुम्ही फसलात" असं म्हणायला काय लागत असेल याची मी कल्पना करू शकतो. आमच्याकडे एकदा मोठ्या साहेबांनी परदेशातून आणलेलं गेज स्वतःच चुकीचं होतं. सहा जणांना माहीत होतं, सहाही जण गप्प राहिलो. महिनाभर चांगला माल रिजेक्ट होत होता. याओने मात्र सांगितलं, आणि बादशहानेही त्याचं डोकं उडवलं नाही. उलट या सगळ्यावर एक लेख लिहिला, प्याल्याची हकीकत म्हणून, त्यात याओचं नाव घालून. म्हणून तर आज अडीचशेहून जास्त वर्षांनी पुण्याच्या एका ग्राइंडरवाल्याला त्याचं नाव ठाऊक आहे. तो प्याला याच म्युझियमच्या संग्रहात आहे. त्या दिवशी आम्हाला काही तो दिसला नाही.

हिंदुस्थानचा एक धागा यात आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पश्चिमेचा मुलूख जिंकल्यावर छ्येनलुंगला तिकडून मुघली जेडची भांडी येऊ लागली. पानासारख्या वाट्या, कमळाच्या बैठकीचे प्याले, कळ्यांच्या मुठी. लंडनला शहाजहानचा १६५७ चा पांढरा प्याला आहे, मूठ बोकडाच्या डोक्याची, तो याच जातीचा. छ्येनलुंग त्यांच्या पातळपणावर इतका खूश झाला, की हिंदुस्थान नक्की कुठे आहे यावर त्याने १७६८ मध्ये एक निबंधच लिहिला. आपले कारागीर असं करू शकत नाहीत, असंही बोलून दाखवलं. आणि त्याचं कारण काय दिलं, तर हिंदुस्थानात जेड पाण्याने घासतात! हे वाचून मी बसमध्ये एकटाच हसलो. पाणी काय घासणार, कपाळ. पाणी जॉब थंड ठेवतं, रेती पसरवतं, चिखल धुऊन नेतं. आमच्या घरी आजीची चंदन उगाळायची सहाण आहे, मध्ये खोलगट झालेली. ती काय नुसत्या पाण्याने झिजली? बादशहाने एकदा बाकावर बसून पायपट्टी मारली असती तर हा निबंध लिहिला नसता.

असो. सुंदर भांडी करून घेणारा माणूस हत्याराबद्दल काहीही बोलू शकतो, हे मी तीन मॅनेजर बदलताना पाहिलेलं आहे.

परत आल्यावर मुंबईला काम निघालं तेव्हा मुद्दाम छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू तिथे आहेत, त्यांत जेडही आहे. मुलीच्या शाळेची सहल होती तेव्हा पंचवीस वर्षांपूर्वी मी याच कपाटांसमोरून 'चला चला' करत पोरांना पुढे हाकललं होतं. आता एका भांड्याच्या कानातली सुटी कडी बघत वीस मिनिटं गेली. ती कडी नंतर अडकवलेली नसते. ती त्याच दगडातली असते, कानातून मोकळी घासून काढलेली. कुठेही जोड नाही. शेवटचा पडदा फुटून कडी पहिल्यांदा हलते तेव्हा त्या माणसाने काय केलं असेल? मी असतो तर हात धुऊन चहाला गेलो असतो.

तैपेईहून निघायच्या आदल्या दिवशी आमच्या हिने एका रस्त्यावरच्या ठेल्यावर तसाच एक तुतारी-पेला पाहिला. हिरवा, चार कंगोऱ्यांचा. विक्रेता जेड, जेड म्हणत होता. हिने पाचशेचा तीनशे तैवानी डॉलरला केला, भाषा न येता. मी उचलून बघताच कळलं, की रेझिन आहे. वजनच नाही. म्हटलं, असू दे, अगरबत्त्या ठेवायला होईल.

आता तो देवघराशेजारच्या फडताळात आहे. परवा धूळ पुसताना खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. बुडाखाली काही लिहिलेलं नाही. कंगोऱ्याच्या अगदी टोकावरून, वरपासून खालपर्यंत, एक केसाएवढी रेघ गेली आहे. समोरच्या कंगोऱ्यावरही तशीच. नखाला लागते. साच्याचा सांधा बरोबर तिथेच बसवलाय. मी ट्रंकेतून जुना ऑइलस्टोन काढला, रेघेपर्यंत नेला, आणि ठेवून दिला.